पिशवी वाहणाऱ्याचे पुढे काय होते? गोल्फवरचे विनोदी चित्रपट आणि वर्गभेद

गोल्फवर निघालेल्या विनोदी चित्रपटांकडे नीट पाहिले, तर त्यांतल्या बहुतेकांना खेळापेक्षा माणसांमधल्या पायरीत अधिक रस आहे असे दिसते. क्रिकेट, फुटबॉल किंवा कबड्डी यांतही श्रीमंत-गरीब हा भेद असतोच, पण तो बराचसा मैदानाबाहेर राहतो. गोल्फमध्ये तो भर उन्हात मैदानावरच चालताना दिसतो, कारण एक माणूस खेळतो आणि दुसरा त्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागोमाग जातो. या दुसऱ्या माणसाला, म्हणजे कॅडीला, खेळाची जाण पुष्कळदा खेळणाऱ्यापेक्षा जास्त असते. वारा कुठून वाहतो आहे, हिरवळीचा उतार कोणत्या बाजूला आहे, या अंतरासाठी कोणती काठी घ्यावी, हे तोच सांगतो. जाण एकाची आणि मान दुसऱ्याचा, अशी ही रचना आहे, आणि विनोदी लेखकाला याहून अधिक काही लागत नाही.

मी सिंधुदुर्गात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका गावात राहतो. आमच्याकडे गोल्फ कोणी खेळत नाही. तरीही हे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिले, इतरांना दाखवले आणि त्यांच्यावर वाद घातले, याचे कारण असे की ज्या कोकणात अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ असा संप केला, आणि जिथे आजही चार माणसे एकत्र जमली की बोलणे सातबारावर येते, तिथल्या प्रेक्षकाला त्या हिरव्यागार पडद्यावर खेळाच्या आधी जमीन दिसते. म्हणून या चित्रपटांची तुलना करताना मी दोन गोष्टींकडे लक्ष देतो: चित्रपट संपतो तेव्हा पिशवी वाहणारा कुठे उभा आहे, आणि ते गवत कोणाच्या ताब्यात गेले आहे.

या दोन्ही कसोट्यांवर सर्वांत जास्त बोलण्यासारखा चित्रपट म्हणजे १९८० सालचा ‘कॅडीशॅक’. हॅरॉल्ड रॅमिस यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट, आणि त्याची पटकथा त्यांनी ब्रायन डॉयल-मरे व डग्लस केनी यांच्यासह लिहिली. डॉयल-मरे आणि त्यांचे धाकटे भाऊ बिल मरे हे शिकागोजवळच्या नऊ भावंडांच्या आयरिश कॅथलिक कुटुंबातले; लहानपणी या भावांनी तिथल्या एका श्रीमंत क्लबात खरोखरच कॅडीची कामे केली होती. त्यामुळे कथेतल्या बुशवुड क्लबाचे मागचे अंगण, म्हणजे कॅडींची शेड, त्यांची भांडणे, त्यांच्यावर देखरेख करणारा कॅडीमास्टर आणि नीट वागला नाहीत तर तुमच्या जागी गाड्या आणू ही त्याची धमकी, हे सगळे आतून पाहिलेले आहे. ही धमकी पोकळ नव्हती. अमेरिकेतल्या क्लबांत १९५० नंतरच्या दशकांत गोल्फच्या छोट्या गाड्या आल्या आणि कॅडींची कामे खरोखरच घटत गेली.

कथेचा नायक डॅनी नूनन हा भावंडांनी भरलेल्या घरातला मुलगा आहे. कॉलेजला जायला घरातून पैसे मिळणार नाहीत, म्हणून क्लबातर्फे कॅडींना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर त्याची सारी आशा आहे. अशी शिष्यवृत्ती ही लेखकाची कल्पना नाही. चिक इव्हान्स हा स्वतः कॅडी म्हणून वाढलेला खेळाडू. त्याने १९१६ साली अमेरिकेची खुली आणि हौशी अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि हौशी खेळाडू राहण्यासाठी स्वतः न स्वीकारलेल्या कमाईतून कॅडींच्या शिक्षणाचा निधी उभारला. १९३० साली त्यातून पहिले विद्यार्थी विद्यापीठात गेले आणि ती योजना आजही चालू आहे. मरे भावांपैकी एकाला तिचा लाभ झाला होता. म्हणजे खालच्या पायरीवरून वर जाण्याची एक खरी, अरुंद वाट होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी कोण बसलेले असते हे या चित्रपटाने फार नेमके दाखवले आहे.

तिथे न्यायाधीश स्मेल्स बसले आहेत. टेड नाइट यांनी ही भूमिका अशी केली आहे की त्या माणसाचा राग यावा आणि त्याच वेळी तो पूर्ण खराही वाटावा. घरच्यांना कॉलेज परवडणार नाही असे डॅनी त्यांना सांगतो, तेव्हा जगाला खड्डे खणणारेही हवेतच, अशा अर्थाचे उत्तर ते शांतपणे देतात. पुढे स्मेल्स रागाने काठी भिरकावतात, ती एका बाईला लागते, आणि दोष डॅनी स्वतःवर घेतो: काठीची मूठ मीच नीट पुसली नव्हती, असे तो सांगतो. या क्षणापासून साहेबांची त्याच्यावर मर्जी बसते. शिष्यवृत्तीची किंमत इथे उघड होते. परीक्षेतले गुण किंवा खेळातले कौशल्य पुरेसे नाही. वरच्या माणसाची चूक खालच्याने आपल्या नावावर लिहून घ्यावी लागते. हा प्रसंग हसवणारा आहे, पण ज्यांनी कुठल्याही कचेरीत किंवा बंगल्यावर नोकरी केली आहे, त्यांना त्यातले सत्य समजावून सांगावे लागत नाही.

पोहण्याच्या तलावाचा प्रसंग बहुतेकांना आठवतो. वर्षातल्या एका दिवशी कॅडींना तलावात उतरण्याची मुभा आहे, तीही दुपारी एक ते सव्वा, अशी पाटी लावलेली. पंधरा मिनिटे. मुले पाण्यात अक्षरशः कोसळतात आणि सभासद घाबरून बाहेर पडतात. हा चित्रपट आम्ही काही जणांनी एकत्र पाहिला, त्यात मुंबईच्या एका क्लबात तरुणपणी चाकरी केलेले आमच्या वाडीतले एक आजोबा होते. आमच्या भागातल्या कितीतरी चाकरमान्यांनी गिरण्यांप्रमाणेच अशा क्लबांच्या मुदपाकखान्यांत, बागांत आणि दारांवर आयुष्य काढले आहे. त्या प्रसंगाला ते मनापासून हसले, आणि मग म्हणाले, “पण त्या पोराक बक्षिसी कितकी गावली, ता काय दाखवूक नाय.” ही तक्रार मला फार मोलाची वाटते. चित्रपट अपमान दाखवतो, मजुरी क्वचितच दाखवतो. आणि दिवसभर पिशवी वाहणाऱ्याच्या मनात अपमानाइतकाच हिशेबही चालू असतो.

आता अल झेर्विककडे वळतो, कारण माझे आणि बहुतेक समीक्षकांचे मत इथे वेगळे होते. रॉडनी डेंजरफील्ड यांनी साकारलेला हा बांधकाम व्यावसायिक भडक कपडे घालून, मोठमोठ्याने बोलत, पैसे उधळत बुशवुडमध्ये येतो आणि तिथल्या जुन्या घराण्यांच्या शिष्टाचाराची धूळधाण उडवतो. प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, आणि दिग्दर्शकाचीही तीच इच्छा आहे. जुना पैसा विरुद्ध नवा पैसा या झगड्यात नवा पैसा मोकळा, उदार आणि गमत्या दिसतो. पण हा माणूस तिथे का आला आहे? त्याच्या मते गोल्फची मैदाने आणि दफनभूमी यांनी मोक्याची जमीन वाया घालवली आहे, आणि शेजारी त्याच्याच कंपनीचे बांधकाम चालू आहे. ज्या बिळे करणाऱ्या गोफर प्राण्यामागे बिल मरे यांचा कार्ल हा माळी संपूर्ण चित्रपटभर लागलेला असतो, तो प्राणी त्या बांधकामाच्या बाजूनेच पोखरत आला असावा, असे चित्रपटातच सांगितले जाते. म्हणजे जमीन खोदणारा झेर्विक मेजवानी झोडतो आहे, जागेवरून उठवला गेलेला प्राणी बिळात लपतो आहे, आणि त्याला मारण्याचे काम सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सोपवलेले आहे. मला हा चित्रपटातला सर्वांत खोल विनोद वाटतो, जरी तो तसा योजलेला असेलच असे नाही.

कोकणातल्या प्रेक्षकाला झेर्विक परका वाटत नाही. मोठ्या गाडीतून उतरणारा, सगळ्यांना खांद्यावर हात टाकून बोलावणारा, चहाचे पैसे स्वतः देणारा आणि बोलता बोलता सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा, भाव विचारणारा माणूस आमच्या प्रत्येक तालुक्याने पाहिला आहे. तो गर्विष्ठ नसतो, उलट अघळपघळ आणि प्रेमळ असतो. त्याच्या जिंकण्यात आपलेही जिंकणे आहे असे वाटण्याजोगे त्याचे वागणे असते. शेवटच्या सामन्यात झेर्विक दुखापतीचे निमित्त करतो आणि त्याच्या जागी डॅनी खेळतो. स्मेल्स शिष्यवृत्ती काढून घेण्याची धमकी देतात, तर झेर्विक तुझी भरपाई करीन असे सांगतो. पैज ८० हजार डॉलरपर्यंत जाते, कार्लच्या स्फोटांनी जमीन हादरते, काठावर थांबलेला चेंडू छिद्रात पडतो आणि सगळे नाचू लागतात. डॅनीच्या धैर्याला मी कमी लेखत नाही, पण त्याने एका मालकाऐवजी दुसरा मालक निवडला आहे, आणि बुशवुडच्या जमिनीचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाने विचारू नये एवढ्या वेगाने चित्रपट संपतो.

यात एक खेदाची बाब अशी की मूळ पटकथेत कॅडी मुलांची गोष्ट बरीच मोठी होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर डेंजरफील्ड, चेव्ही चेस आणि बिल मरे या नावाजलेल्या नटांनी आयत्या वेळी इतके काही रचले की त्यांच्या जागा वाढत गेल्या आणि मुलांच्या आक्रसल्या. फुले उडवत मोठ्या स्पर्धेचे समालोचन करणाऱ्या माळ्याचा प्रसिद्ध प्रसंगही असाच जागेवर सुचलेला आहे. तो प्रसंग मला अतिशय प्रिय आहे, कारण मैदान राखणाऱ्या माणसाच्या मनात एक संपूर्ण स्पर्धा चालू असते आणि तिचा विजेता तो स्वतः असतो, हे त्यात दिसते. तरीही मुख्य पात्रांनी कॅडींना त्यांच्याच नावाच्या चित्रपटातून कडेला सारले, ही गोष्ट विसरता येत नाही. १९८८ साली निघालेल्या दुसऱ्या भागाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यात गरिबांसाठी घरे बांधणारा विकासक हाच नायक आहे, म्हणजे झेर्विकविषयीचा उरलासुरला संशयही त्यातून काढून टाकलेला आहे.

नोकराच्या तोंडून धन्याची फजिती करण्याची कला आमच्याकडे नवी नाही. दशावतारात शंखासुर मालवणीतून बोलू लागला की भटजीपासून गावच्या प्रतिष्ठितांपर्यंत कोणालाही सोडत नाही, आणि ते सगळे समोर बसून हसत असतात. पण दशावताराला एक गोष्ट ठाऊक आहे जी या अमेरिकी चित्रपटांना सहसा ठाऊक नसते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्या कलावंतांविषयीच आहे: रात्री मुकुट घालून सिंहासनावर बसलेला माणूस पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेच्या वाटेला लागत असे. राज्य एका रात्रीचे आहे हे प्रेक्षकांना आणि नटांना दोघांनाही माहीत असते, म्हणून त्या विनोदाला धार असते. ‘कॅडीशॅक’मधला तलावाचा पाव तास हा त्याच जातीचा विनोद आहे, शेवटचा नाच मात्र त्या जातीचा नाही.

१९९६ साली गोल्फवरचे दोन विनोदी चित्रपट आले. त्यांपैकी अ‍ॅडम सँडलर यांचा ‘हॅपी गिलमोर’ अधिक लोकप्रिय आहे, आणि मला वाटते की त्याची लोकप्रियता मुख्यतः एका गोष्टीवर उभी आहे: त्यातला नायक घरासाठी खेळतो. हॅपी हा आइस हॉकीत अपयशी ठरलेला, तापट, बेताच्या शिक्षणाचा तरुण आहे. आजीने वर्षानुवर्षे कर न भरल्याने २ लाख ७० हजार डॉलरच्या थकबाकीपोटी तिचे घर सरकार ताब्यात घेते, तिला वृद्धाश्रमात जावे लागते, आणि घरातले सामान हलवायला आलेल्या हमालांशी पैज लावताना हॅपीला कळते की आपला चेंडू कोणाहीपेक्षा लांब जातो. आजोबांनी बांधलेले घर लिलावात जाणे ही आपत्ती आमच्याकडे कोणालाही समजते. भाऊबंदकीत बंद पडलेली, कौले उतरलेली घरे इथल्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यामुळे या चित्रपटातला आचरट विनोद ज्यांना रुचत नाही, तेही आजीच्या घरासाठी शेवटपर्यंत बसून राहतात.

वर्गाविषयी या चित्रपटाचे निरीक्षण प्रेक्षकांच्या गर्दीत आहे. हॅपीच्या मागे गोल्फ कधीच न पाहिलेले लोक येतात, ओरडतात, खेळाडूचे लक्ष विचलित करतात. शूटर मॅकगॅव्हिन हा प्रस्थापित खेळाडू याविरुद्ध तक्रार करतो, आणि स्पर्धेचे अधिकारी ती फारशी मनावर घेत नाहीत, कारण या गर्दीमुळे दूरचित्रवाणीवरचा प्रेक्षकवर्ग वाढलेला असतो. दार उघडते ते न्यायबुद्धीने नव्हे, तर तिकिटांच्या हिशेबाने, हे चित्रपटाने प्रांजळपणे दाखवले आहे. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो कच्चा पडतो. हॅपीचा गुरू चब्स पीटरसन हा कृष्णवर्णीय आहे, आणि त्याची कारकीर्द मगरीने हात तोडल्यामुळे संपली असे सांगितले जाते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांना सभासदत्व देणारे कलम होते. ऑगस्टा इथल्या क्लबाच्या मास्टर्स स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली खेळला. आणि त्याच क्लबात १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला क्लबाचाच कॅडी घ्यावा लागे आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. इतका इतिहास हाताशी असताना लेखकांनी मगर निवडली. विनोदी चित्रपटाकडून इतिहासाच्या धड्याची अपेक्षा मी करत नाही, पण ज्या कलाकृतीचा सारा जोर ‘बाहेरचा आत आला’ यावर आहे, तिने सर्वांत जास्त काळ बाहेर ठेवलेल्या माणसाच्या वाट्याला अपघात द्यावा, हे मला खटकते.

२०२५ साली आलेल्या दुसऱ्या भागात हॅपी मुलीच्या नृत्यशिक्षणाच्या खर्चासाठी पुन्हा मैदानावर येतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या वेळी धांगडधिंगा करणारी नवी स्पर्धा खलनायकाच्या बाजूला आहे, आणि हॅपी पारंपरिक गोल्फचा रक्षक म्हणून मोठमोठ्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंच्या शेजारी उभा आहे. बाहेरून आलेला माणूस तीस वर्षांत दाराचा राखणदार होतो, ही प्रक्रिया आपल्याकडच्या संस्थांतही पाहायला मिळते.

याच कथेची भारतीय छाया असलेला ‘फ्रीकी अली’ २०१६ साली आला. सोहेल खान यांनी दिग्दर्शित केलेल्या या हिंदी चित्रपटात नवाझुद्दीन सिद्दिकी हे मुंबईच्या वस्तीतला अली झाले आहेत. तो अंतर्वस्त्रे विकतो, मग हप्तावसुली करतो, आणि गल्ली क्रिकेटमध्ये कमावलेल्या हाताने गोल्फचा चेंडू मारू लागतो. सीमा बिस्वास यांनी त्याला वाढवणाऱ्या सुलभाची भूमिका केली आहे, आणि त्या दोघांचे घर हा या चित्रपटाचा उत्तम भाग आहे. आइस हॉकीच्या जागी गल्ली क्रिकेट ही कल्पनाही अगदी योग्य. मात्र मैदानावर गेल्यावर तो उसन्या प्रसंगांवर चालू लागतो, आणि भारतीय गोल्फमध्ये प्रत्यक्षात जे घडले आहे ते त्याच्या हातून निसटते.

ते घडलेले तर कोणत्याही पटकथेपेक्षा मोठे आहे. भारतात गोल्फ १८२९ साली कलकत्त्याच्या क्लबात रुजला, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब आपल्याकडे आहे. १९१८ साली मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला तो भारतीय आणि युरोपीय यांना एकत्र सभासद होता यावे म्हणून, यावरून आधीच्या क्लबांची रीत कळते. या मैदानांवर पिशव्या वाहणाऱ्यांची आणि गवत राखणाऱ्यांची मुले पुढे देशाचे विजेते झाली. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर हा १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला, आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. बंगळूरचा मुनियप्पा हाही आधी कॅडी. त्याने २००९ साली तीच स्पर्धा जिंकली. एस. एस. पी. चौरसिया याचे वडील कलकत्त्याच्या मैदानाचे माळी होते. तो २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. माळ्याच्या मुलाने त्याच गवतावर खेळ शिकावा आणि ज्यांच्यासाठी ते गवत राखले जाई त्या सभासदांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, या प्रसंगात विनोद, करुणा आणि ताण सगळेच आहे. ‘फ्रीकी अली’मधल्या अलीला वसुलीच्या निमित्ताने मैदानावर आणण्याऐवजी तो तिथलाच कॅडी दाखवला असता, तर चित्रपटाला स्वतःचा कणा मिळाला असता.

१९९६ सालचा दुसरा चित्रपट म्हणजे रॉन शेल्टन यांचा ‘टिन कप’. केविन कॉस्टनर यांचा रॉय मॅकॅव्हॉय पश्चिम टेक्सासच्या धुळीत सरावाचे एक मोडकळलेले मैदान चालवतो आणि फिरत्या घरात राहतो. त्याचा जुना सहखेळाडू सिम्स नामांकित झाला आहे. एका स्पर्धेत रॉयला सिम्सची पिशवी वाहावी लागते, आणि सिम्स जोखीम टाळतो तेव्हा रॉय प्रेक्षकांशी पैज लावून तो अवघड फटका स्वतःच मारून दाखवतो. कॅडीने मालकाच्या सामन्यात फटका मारावा, याहून मोठे उल्लंघन या खेळात नसेल, आणि त्याची नोकरी तत्क्षणी जाते. हा चित्रपट मला वर्गाच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक नाही, पण सर्वांत सूक्ष्म वाटतो. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत रॉयसारख्या कोणाही व्यावसायिकाला पात्रता फेऱ्यांतून शिरता येते, म्हणजे रॉयसाठी दार बंद नाही. त्याला अडवतो तो त्याचा मानीपणा. वर जाण्यासाठी बेतशीर वागावे लागते आणि बेतशीर वागणे म्हणजे सिम्ससारखे होणे, असे त्याच्या मनाने ठरवून टाकले आहे. शेवटच्या छिद्रावर तो चेंडूमागून चेंडू पाण्यात घालतो, हट्टाने त्याच जागेवरून मारत राहतो, अखेर चेंडू थेट छिद्रात जातो आणि एका छिद्रावर बारा फटके लागून विजेतेपद हातचे जाते. पात्रता फेरीत त्याच्या सगळ्या काठ्या मोडतात, एकच उरते, आणि त्याचा मित्र व कॅडी रोमिओ रागाने निघून जातो, तो भाग मला अधिक जवळचा आहे. चीच मारिन यांनी साकारलेला रोमिओ हा या सर्व चित्रपटांतला एकमेव कॅडी आहे ज्याला आपला सल्ला धुडकावल्यावर काम सोडून जाण्याइतका स्वाभिमान दिला आहे.

या वाटेचा आरंभ पाहायचा असेल तर १९५३ सालचा ‘द कॅडी’ पाहावा. डीन मार्टिन आणि जेरी लुइस यांच्या या चित्रपटात यश मिळालेला खेळाडू आपल्या मित्राला, म्हणजेच आपल्या कॅडीला, पगारी नोकरासारखे वागवू लागतो. गाणी आणि धावपळ यांत हा धागा लवकर हरवतो, तरी पिशवी खांद्यावर घेतली की मैत्रीचे काय होते हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

मला सर्वांत श्रेष्ठ वाटणारा चित्रपट मात्र ब्रिटिश आहे. क्रेग रॉबर्ट्स यांचा ‘द फँटम ऑफ द ओपन’ २०२१ साली प्रथम दाखवला गेला आणि तो मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट या खऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात क्रेन चालवणाऱ्या या कामगाराने १९७६ साली ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीचा अर्ज भरला. हौशी खेळाडूला आपले अधिकृत मानांकन लिहावे लागते आणि ते क्लबाशिवाय मिळत नाही, म्हणून त्याने ‘व्यावसायिक’ या रकान्यात खूण केली. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावरून आणि समुद्रकिनाऱ्यावर सराव करून तो खेळायला गेला आणि १२१ फटक्यांची, त्या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत वाईट, कामगिरी घेऊन परतला. चिडलेल्या अधिकाऱ्यांनी त्याच्यावर बंदी घातली. मग तो खोटी नावे घेऊन, वेष बदलून पुन्हा येत राहिला. मार्क रायलन्स यांनी हा माणूस इतक्या निर्मळपणे उभा केला आहे की क्षणभरही तो विदूषक वाटत नाही.

या चित्रपटाला कळलेली गोष्ट अशी की दार कागदाचे असते. बुशवुडमध्ये स्मेल्स नावाचा एक माणूस वाट अडवून बसलेला आहे, त्याला हरवले की काम झाले असे वाटते. फ्लिटक्रॉफ्टच्या वाटेत कोणी दुष्ट नाही. आहेत ते अर्जातले रकाने, मानांकनाची अट आणि सभासदत्व नाकारणारा नम्र भाषेतला नकार. खेळायला क्लब हवा, क्लबात यायला खेळ यायला हवा, आणि शिकायला मैदान हवे, या चक्रात कामगार कुठूनच शिरू शकत नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका क्लबाने त्याच्या नावाची स्पर्धा भरवून त्याला सन्मानाने बोलावले. हा शेवट खरा घडलेला आहे आणि म्हणूनच त्यातला आनंद उसना वाटत नाही. मालक बदलून किंवा बक्षीस जिंकून तो आत आलेला नाही. वाईट खेळणाऱ्या इतर माणसांनी त्याला आपला मानले, एवढेच घडले आहे.

आपल्याकडे हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०१७ साली दिल्लीतल्या गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या मेघालयातल्या एका खासी बाईंना त्यांचा पारंपरिक जैनसेम हा मोलकरणीसारखा पोशाख आहे असे सांगून बाहेर जायला सांगितले गेले. पोशाखावरून माणसाची पायरी ठरवणारा हा प्रसंग १९८० सालच्या चित्रपटात घातला असता तर अतिरंजित वाटला असता. दुसरीकडे खारघरला सिडकोने सर्वांसाठी खुले मैदान केले आहे, पैसे भरून कोणीही तिथे खेळू शकतो, आणि खेळ थोडासा तरी क्लबाच्या भिंतीबाहेर आणण्याची ती एक चांगली रीत आहे.

कोकणाच्या किनाऱ्यावर अजून मोठी गोष्ट जमिनीची आहे. अठरा छिद्रांच्या मैदानाला साधारण शंभर ते दोनशे एकर जमीन लागते. आमच्याकडे जमिनी गुंठ्यांत मोजल्या जातात आणि एकेका सातबारावर मुंबईपासून गावापर्यंत विखुरलेल्या भावकीची नावे असतात; सलग मोठे क्षेत्र म्हणून उरतात ते कातळाचे सडे. नकाशावर ते पडीक दिसतात. प्रत्यक्षात तिथे गुरे चरतात, गवत कापले जाते, पावसाचे पाणी मुरून खालच्या विहिरींना जाते, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या याच सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही शिमगा झाला की कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, आणि गोल्फच्या गवताला पाणी लागते ते नेमके त्याच महिन्यांत. म्हणून पडद्यावरची ती हिरवळ पाहताना इथला माणूस तिचे सौंदर्य नाकारत नाही, पण तिला पाणी कुठल्या विहिरीचे, हे विचारल्याशिवाय राहत नाही.

मराठीत या विषयावर विनोदी चित्रपट व्हावा असे मला मनापासून वाटते. त्याचा पहिला प्रसंग मैदानावरचा नसावा, मोजणीचा असावा: सड्यावर मोजणीदार आलेला, भावकीतली वीस माणसे आपापली हद्द दाखवत असलेली, मोठ्या गाडीतून उतरलेला गमत्या, दिलदार माणूस सगळ्यांना थंड पेये वाटत असलेला, आणि ज्याला पुढे त्याच जमिनीवर पिशवी वाहायला मिळणार आहे तो मुलगा मोजणीची साखळी धरून उभा असलेला. त्या मुलाची मजुरी किती ठरली, ते मात्र पडद्यावर स्पष्ट दाखवावे.